आप्पांच्या चिंचेतले दोन खिळे

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, आणि देवापुढं हात जोडून उभा राहतो तेव्हा देवालाही नाही. त्याच्याशी मी फक्त पावसापाण्याचं बोलतो. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली की न बोलणं अंगात मुरतं, आणि लोक त्याला स्वभाव म्हणू लागतात. गोष्ट एका चिंचेच्या झाडाची आहे. ती सांगायची तर आधी पेंडवाल्या आप्पांविषयी सांगायला हवं, आणि त्यांच्याविषयी सांगायचं तर पहिल्याच दमात सांगून टाकतो की झाडावरच्या घरांबद्दल त्यांच्याइतकं वाचलेला, त्यांच्याइतका विचार केलेला आणि त्या घरांवर त्यांच्याइतका संतापलेला माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही. पुढं होईल असंही वाटत नाही, कारण आता तशी पुस्तकंही राहिली नाहीत आणि तशी झाडंही.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि मुरुडच्या पुढं, सडकेला लागून असलेल्या एका गावात नवा तलाठी म्हणून आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला नमस्कार करतात. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. निम्म्या पाट्यांवर अजून उस्मानाबादच होतं, आणि नव्या कचेरीतले शिपाईसुद्धा लग्नातल्या करवल्यांसारखे मिरवत होते. जिल्हा आला, पाऊस मात्र आला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले होते, माणसं रोजगार हमीवर सडकेची खडी फोडत होती आणि गुरं हाडांवर आली होती. अशा दिवसांत सरकीची पेंड विकणाऱ्या माणसानं काय करावं? गल्ल्यावर बसून धंदा करावा. आप्पा दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीवर, पार आढ्याला टेकून, पुस्तक वाचत बसत, आणि गिऱ्हाईक आलं की वरूनच ओरडत, "घे मोजून तुझं तू. मी सध्या बेटावर हाय." कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि अंगाला पेंडीचा असा वास की रस्त्यानं निघाले की चार म्हशी मागं लागत. गावात त्यांना मनापासून मान देणाऱ्या एवढ्याच होत्या.

पुस्तकं त्यांच्याकडं आली ती रद्दीतून. नांदेडकडचं कुठलंसं वाचनालय बंद पडलं, त्यातली एक पेटी हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधायला म्हणून आप्पांनी घेतली. सगळी जुनी, शतकाच्या सुरुवातीच्या काळातली, मुलांसाठी लिहिलेली साहसाची पुस्तकं. पहिल्या पुस्तकाची बरीच पानं पुड्यांतून गावभर गेल्यावर एक दिवस पुडी बांधता बांधता आप्पांची नजर छापील ओळीवर पडली. जहाज फुटलेलं एक कुटुंब झाडावर चढून बिऱ्हाड मांडत होतं. आप्पांनी पुडी सोडली, हळद बाईच्या पदरात ओतली आणि कागद घेऊन थप्पीवर चढले, ते दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळेला उतरले. मग त्यांनी घरोघरी जाऊन पानं परत मागितली. "हळद ठेवून घ्या, कागद तेवढा द्या," असं दाराशी उभं राहून म्हणणारा व्यापारी लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. पानं मिळाली, काही पिवळी, काही तिखटाची. मिळालं नाही ते एकच, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं. शेहेचाळिसाव्या पानाच्या शेवटी ते कुटुंब झाडाखाली उभं होतं आणि एकोणपन्नासाव्याच्या सुरुवातीला झाडावरून शिडी खाली सोडत होतं. झालं! शिडी बांधायला पहिला माणूस वर गेला कसा? हा प्रश्न आप्पांनी शाळेच्या हेडमास्तरांना विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला, जनावरांच्या डॉक्टरला विचारला आणि मी हजर झालो त्या दिवशी, माझं नाव विचारायच्या आधी, मला विचारला. मी म्हणालो, "दुसऱ्या झाडावरून गेला असंल." आप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं, पोत्यावर हात मारला आणि म्हणाले, "बस." त्या दिवसापासून मी त्यांचा एकुलता एक श्रोता झालो. गावात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

ती पुस्तकं मीही वाचली. कुठल्यातरी साहेबानं साहेबाच्या पोरांसाठी लिहिलेल्या गोष्टी आपल्याकडच्या कुणा मास्तरांनी मराठीत आणलेल्या. आणताना मास्तरांनी नावं बदलली, माणसं बदलली, अन्न बदललं; फक्त बेट आणि झाड तसंच ठेवलं. त्यामुळं समुद्राच्या मध्यावर, पन्नास हात उंच झाडावर, एक सुसंस्कृत कुटुंब सकाळी संध्या करत होतं आणि दुपारी बंदुकीनं पोपट मारत होतं. आप्पांचा संताप इथून सुरू व्हायचा. "जहाज फुटलं तरी सोवळं सुटलं न्हाई," ते म्हणत, "आन पाखरं मारून खातेत! आरं, झाडावर ऱ्हायला गेलास तर पाखरू तुझा घरमालक. घरमालकाला खातेत व्हय कुनी?" प्रत्येक पुस्तकात खाली रानटी लोक आणि वर शहाणे लोक, हेही त्यांनी हेरलं होतं. "खाली ऱ्हानारा रानटी आन माडीवर बसनारा सायब. ह्ये बेटबीट काय न्हाई, ही आपली कचेरी हाय." मी कचेरीचा माणूस. मी हसलो. मला ते हसणं पुढं फार दिवस पुरलं नाही.

आप्पांनी एक वही केली होती. प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक झाडघराला तिच्यात एक पान. झाडाची जात, उंची, शिडीचा प्रकार, चुलीचा धूर कुठं जातो, पाऊस आला तर काय, बाळंतीण असली तर काय, आणि शेवटी 'दोष' असा एक रकाना. हा रकाना पुरत नसे. कडेला उभ्या ओळी लिहिलेल्या असत. अकरा घरांच्या अभ्यासातून त्यांनी काढलेला मोठा निष्कर्ष असा, की एकाही लेखकाला संडासाची आठवण झालेली नाही. "अकरा घरं, कुटुंबं लेकराबाळाची, आन वर्षानुवर्षं एकबी मानूस परसाकडं उतरत न्हाई. असली घट्ट कोठ्याची मानसं बेटावर कामून टिकनार न्हाईत?" दुसरा निष्कर्ष खिळ्यांचा. सगळी झाडघरं खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि हे त्यांना गोहत्येच्या जवळचं वाटे. "जित्या झाडाला खिळा मारनाऱ्या लेखकानं आधी सोताच्या मांडीत मारून बघावा," असं त्यांनी एका पानावर लिहून खाली तारीख आणि दस्तखतही केलं होतं. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना काही ना काही म्हणायचं असे. ते मुखपृष्ठापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचत. एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा. माझ्या आधीच्या तलाठ्यानं त्यांना एकदा पंच म्हणून सही मागितली, तर आप्पांनी पंचनामा दोनदा वाचला, पाच चुका काढल्या आणि तो तीनदा लिहून आणायला लावला. तो तलाठी बदली मागून गेला, असं गावात सांगत.

एवढे दोष काढणारा माणूस गप्प कसा बसेल? आप्पांनी बारावं झाडघर स्वतः बांधलं. दुकानासमोर, सडकेच्या कडेला, निजामाच्या काळात लावलेली एक चिंच होती. खोडाला तिघांनी हात धरले तर कवेत यावी एवढी. एसटीचा थांबासुद्धा तिच्याच नावानं. कंडक्टर "चिंच, चिंच" ओरडायचा आणि गाव उतरायचं. तिच्या पहिल्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथं, आप्पांनी मोडक्या बैलगाडीची साटी, म्हणजे वरची बैठक, चढवली, अंबाडीच्या दोरांनी आवळली, खाली पोती घातली. एक खिळा नाही. लोक म्हणाले, "आमच्या शेतात मचान हायच की." आप्पा खवळले. "मचान राखनीला असतंय. ह्ये ऱ्हायला हाय." लोक म्हणाले, "चिंचेवर ऱ्हायला हडळ जाती." आप्पा म्हणाले, "मग तिला विचारा, शिडी बांधायला पैल्यांदा वर कशी गेली."

स्वतः वर जाण्यासाठी मात्र त्यांनी शिडी नाकारली. ज्या शिडीचं पान हरवलंय ती वापरणार नाही, असं काहीतरी तत्त्व होतं. दुकानातला धान्याचा जुना मोठा तराजू त्यांनी फांदीला टांगला, दोर लांब केले, आणि एका पारड्यात आपण बसायचं नि दुसऱ्यात पेंडीची पोती टाकायची, अशी सोय केली. पोती खाली, आप्पा वर. पहिल्या दिवशी सगळं गाव जमलं. आप्पा मांडी घालून, हातात वही घेऊन, गणपती नेतात तसे अलगद वर गेले आणि दुबेळक्यात उतरले. टाळ्या पडल्या. खाली पारड्यात पोती तशीच राहिली, आणि दुष्काळातल्या उपाशी म्हशींना समोर पेंडीचं पोतं पारड्यात वाढून ठेवलेलं दिसलं. वर आप्पा तासभर वाचत होते. खाली म्हशी जेवत होत्या. मग आप्पांनी शांतपणे वही मिटली, पारड्यात बसले, दोर सोडला, आणि जे खाली आले ते कुठल्याही पुस्तकातल्या वेगानं नाही. बुड धरून उठताना त्यांचं पहिलं वाक्य होतं, "लिवून घे तलाठी. दोष पैला: म्हैस."

दुपारच्या सुट्टीत सडकेवर खडी फोडणाऱ्या बाया चिंचेच्या सावलीला भाकरी खायला बसत, आणि आप्पा वरून त्यांना वाचून दाखवत. साहित्याची एवढी निर्दय पारख मी नंतर कुठंही पाहिली नाही. त्यांच्यात कोंडाबाई म्हणून एक होती, उन्हानं करपलेली, जिभेला धार असलेली. बेटावरची बाई झाडावर स्वयंपाक करते हे ऐकून ती म्हणाली, "आप्पा, पानी वर कोन नेतंय?"

आप्पांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. मागचं पाहिलं.

"लिवलं न्हाई."

"कसं लिवतील? लिवनाऱ्यानं कधी घागर उचललीया? पन्नास हात वर रोज पानी नेनारी बाई गोष्टीतून निघून गेली असंल माहेराला."

बाया खदखदून हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'प्रश्न. पाणी वर कोण नेतं? (कोंडाबाईंनी विचारला.)' त्यानंतर ते तिला 'कोंडाबाई' न म्हणता 'कोंडाबाईसायब' म्हणू लागले.

आता खिळ्यांकडं येतो. झाडावरच्या त्या साटीला रीतसर वाचनालय म्हणून मान्यता मिळवायची, असं आप्पांच्या डोक्यात मीच भरवलं. नवा जिल्हा आहे, नव्या योजना आहेत, मी आहे. मी तरुण होतो आणि कुणाचंतरी भलं करतोय या कल्पनेची मला गोडी होती. फक्त पाटी हवी, ठळक. पाटी दोरानं बांधली की वाऱ्यानं फिरून उलटी व्हायची. "आप्पा, दोन खिळे मारा," मी म्हणालो. ते महिनाभर नाही म्हणाले. मी महिनाभर म्हणत राहिलो. शेवटी एका सोमवारी त्यांनी चार इंची दोन खिळे आणले, झाडाला हात जोडले आणि ठोकले. उजवा सरळ गेला, डावा वाकडा. मग दोन्ही खिळ्यांच्या डोक्यांना त्यांनी विभूती लावली. मला हसू आवरलं नाही. आप्पा म्हणाले, "हास लेका. तुला काय, तुझं बूड वर्गात घासलेलं. झाड जितं हाय."

जितं होतंच. दुष्काळानं पानं गेली होती, लोकांनी शेळ्यांसाठी खालच्या फांद्या ओरबाडल्या होत्या, पण उन्हाळ्याच्या तोंडाला वरच्या शेंड्यांना लालसर कोवळी पालवी फुटली. आमच्याकडं तिला चिगूर म्हणतात, वरणात घालतात. आप्पांनी पारड्यातून वर जाऊन ओंजळभर खुडला आणि त्यांच्या घरी मी त्या चिगराचं वरण दोनदा मागून घेतलं. आंबट, कोवळं, गरम भाकरीबरोबर. तारीख आठवत नाही. मंगळवार होता एवढं आठवतं, कारण बुधवारी कचेरीतल्या माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावलं.

साहेब माडीवर बसत. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. कुणी मोठे पाहुणे येणार, सडक रुंद करायची, चिंच मध्ये येते. जितं झाड काढायचं तर चार ठिकाणच्या परवानग्या आणि सहा महिने. पोकळ, वाळलेलं, रहदारीला धोक्याचं झाड काढायला एक पंचनामा पुरतो. "तुम्ही होतकरू आहात," साहेब म्हणाले. "लातूरला कचेरीत टेबल रिकामं होतंय." त्यांनी मला दटावलं नाही, धमकी दिली नाही. तसं काही झालं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला चहा पाजला.

पंचनामा आमच्याकडं कसा होतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. कागदावर लिहिलेलं असतं, 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष जागेवर हजर राहून लिहून देतो की'. प्रत्यक्षात तो चावडीत बसून लिहायचा आणि मग सह्यांसाठी फिरायचं. मी बसून लिहिला. 'सदर चिंचेचे झाड पूर्ण वाळलेले असून खोड आतून पोकळ आहे.' तोंडात अजून चिगराची आंबट चव असल्यासारखं वाटत होतं. पंच क्रमांक एक म्हणून रिवाजाप्रमाणं सडकेलगतचा दुकानदार हवा. म्हणजे आप्पा. मला वाटलं, ते वाचतील. खरं सांगतो, ते वाचतील याच्यावरच मी सगळं टाकलं होतं. छापखान्याचा पत्ता वाचणारा, तिकिटाची मागची बाजू वाचणारा माणूस. तो वाचेल, कागद माझ्या तोंडावर फेकेल, आणि मी साहेबांना सांगेन की पंच तयार नाहीत. मी कागद पुढं केला. आप्पा थप्पीवर होते, बेटावर. त्यांनी वरूनच हात खाली केला.

"कशाचा हाय?"

"सडकेचा," मी म्हणालो.

"तू लिवलास न्हवं? मग तुझं काय वाचायचं," असं म्हणून त्यांनी मांडीवरच्या पुस्तकावर कागद ठेवून दस्तखत केलं. वळणदार, पूर्ण नावासकट. मग म्हणाले, "ऐक, ह्या गड्यानं झाडावर न्हानीघर बांधलंय. पन पाट न्हाई काढला!"

झाड पाडायच्या दिवशी मी त्यांना लातूरला पाठवलं. वाचनालयाच्या अर्जाचं निमित्त होतं. ओळखीच्या कारकुनाच्या नावानं चिठ्ठी दिली आणि त्याला आधीच कळवलं होतं की म्हाताऱ्याला दिवसभर बसवून ठेव. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, वही काखेत मारून, सकाळच्या एसटीनं गेले. इकडं बाहेरगावच्या माणसांची करवत लागली; गावाला धोक्याच्या नावाखाली लांबच ठेवलं होतं. दुपारपर्यंत दोन पाती मोडली. बुंधा आडवा झाला तेव्हा आतलं लाकूड दिसलं: गर्द तपकिरी, तुकतुकीत, करंगळी शिरेल एवढीसुद्धा फट नाही. खिळे अर्धं बोट सालीत, पुढं निरोगी झाड. कोंडाबाई हातोडी खाली ठेवून जवळ आली. म्हणाली, "तलाठीसायब, भरीव हाय की ओ." मी म्हणालो, "कामाकडं लक्ष द्या बाई." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती पुन्हा खडी फोडायला गेली. खडीचं काम पुढच्या टप्प्यावर सरकलं, त्याबरोबर कोंडाबाईही. लाकूड ट्रकनं गेलं. बुंध्यावर मुरूम पडला.

आप्पा संध्याकाळच्या एसटीला होते. चिंच दिसली की उठायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. चिंच दिसलीच नाही. ते खिडकीतून बघत बसले आणि थेट पुढच्या गावाला पोचले. तिथून दोन कोस चालत परत आले, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. ते आधी हसत होते. "आरं, आज गल्लत झाली बघ. गाव गेलं तरी मला..." आणि मग त्यांनी सडकेकडं पाहिलं.

मी म्हणालो, "आप्पा, आतून पोकळ निघालं. खिळ्याच्या भोकातून वाळवी शिरली होती, म्हणत होते सगळे." हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढून मला सुटायचं होतं, आणि हाताशी तेवढंच होतं.

"दोनीबी खिळ्यांतून?"

"एकाच."

"कुठल्या?"

"डाव्या," मी म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. "वाकडा गेलता," एवढंच म्हणाले आणि दुकानात गेले. महिन्याभरात मला लातूरला टेबल मिळालं.

यानंतरची तीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी वरच्या पायऱ्या चढत गेलो. आता मीही माडीवर बसतो. आप्पांनी पुन्हा झाडाला हात लावला नाही. दुकान बंद झालं, आणि ते लातूरला लेकीकडं राहायला आले. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. म्हणजे दैवानं त्यांना शेवटी झाडावर नेलंच. यंदा पुन्हा दुष्काळ पडला, शहराला रेल्वेनं पाणी आलं, टँकरखाली घागरींच्या रांगा लागल्या. ऐंशी ओलांडलेल्या आप्पांनी गॅलरीच्या कठड्याला कप्पी बांधली, दोराच्या एका टोकाला घागर आणि दुसऱ्याला विटांचं पोतं. खाली लेक भरते, वर आप्पा ओढतात. पहिल्या दिवशी इमारत हसली. आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे वकील "आप्पा, आमच्या पण दोन घागरी" म्हणत रांगेत होते. "विटा घातल्या," आप्पा मला म्हणाले, "म्हैस खात न्हाई." मग हळूच, "कोंडाबाईसायबाला कळवाया पायजे हुतं. पानी वर कोन नेतंय ते सापडलं."

डोळे मात्र गेले. मोतीबिंदू पिकला, शस्त्रक्रिया बिघडली. वास यावा तसं त्यांना पुस्तक जवळ आलेलं कळतं, पण अक्षर दिसत नाही. म्हणून दर रविवारी मी जातो आणि वाचून दाखवतो: पिवळी पानं, तिखटाची पानं. लेक म्हणते, "आमच्या आप्पांना तुमच्यासारखा दुसरा कुणी न्हाई." मी चहा घेतो.

मागच्या रविवारी त्यांनी वही काढायला लावली. "शेवटचं पान वाच." मी वाचलं. झाडघर बारावे. झाड: चिंच. शिडी: नाही, तराजू. दोष: खिळे दोन, डावा वाकडा. दोष कुणाचा: माझा.

"अक्षर बराबर हाय का? त्या दिवशी अंधारात लिवलं हुतं."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मला वाटतंय, त्या हरवल्या पानावर लिवलेलं असनार. खिळा कुठं मारायचा न्हाई ते." ते हसले. कपाळावर विभूती होती. लेक लावते आता, जरा तिरकी. "एवढ्या लेखकांना शिव्या दिल्या बघ मी. आन झाड मारलं ते मीच एकट्यानं."

खालून लेकीनं हाक मारली आणि आप्पा चाचपडत दोराकडं गेले. मी वही मिटून खाली ठेवली. गॅलरीत घागर वर येताना कप्पी कुरकुरत होती.

हे छापून आलं तर आप्पांना कुणीतरी सांगेल की तुमच्यावर काही आलंय, आणि मग ते मलाच बोलावतील, कारण त्यांना वाचून दाखवणारा मी एकटाच आहे. मी त्यांना हे एक वाचन देणं लागतो. झाड भरीव होतं, पंचनामा मी लिहिला, पहिली सही तुमची घेतली आणि डावा खिळा मी रचला, हे सगळं, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, एकही पान न गाळता.